दान, दाम आणि प्राप्तिकर

दान म्हटले, की देणाऱ्याने द्यावे आणि रिकाम्या हाताने उठावे, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. दानाबरोबर दक्षिणा द्यायची, ती देखील देणाऱ्यानेच. घेणाऱ्याने उलट काही द्यावे अशी रीत आपल्याकडे कोणी ऐकलेली नाही. अमेरिकेत मात्र हजाराहून अधिक ठिकाणी रोज असे एक दान चालते, की दाता खुर्चीवरून उठतो तेव्हा त्याच्या नावे डॉलर जमा झालेले असतात. हे दान प्लाझ्माचे, म्हणजे रक्तातील पिवळसर द्रवाचे. पाटीवर शब्द ‘डोनेशन’ हाच असतो. देणाऱ्यास ‘डोनर’ म्हणतात. दिलेल्या पैशाला मात्र किंमत म्हणण्याचे कंपन्या कटाक्षाने टाळतात. तो म्हणे दात्याच्या वेळेचा आणि तसदीचा मोबदला. वर्ष संपून करविवरणाचे दिवस आले, म्हणजे ह्या दात्यांपुढे प्रश्न उभा राहतो: हे पैसे उत्पन्नात दाखवावयाचे किंवा कसे? दानावर कर कसला?

हा प्रश्न आपला नव्हे, असे म्हणून वाचकांनी पान उलटू नये. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, कोठलेही मराठी बिऱ्हाड घ्या. भाचा, पुतणी, नात, कोणी ना कोणी तिकडच्या विद्यापीठात शिकत असते. महिनाअखेरीची ओढाताण ही तेथेही आहेच, आणि विद्यापीठांच्या गावांतून ही केंद्रे पुष्कळ. घरी फोनवर सांगितली जात नाही अशी एखादी मिळकत असली, तर ती ही असू शकते.

प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते: होय, दाखवावयाचे. परंतु त्या ‘होय’पर्यंत पोहोचताना अमेरिकेच्या न्यायालयांना जी कसरत करावी लागली, ती मोठी उद्‌बोधक आहे. शिवाय उत्पन्न दाखवावयाचे हे ठरल्यावर ते कोणत्या रकान्यात दाखवावयाचे, ह्यावर गरीब दात्याचे शेकडो डॉलर अवलंबून असतात. आणि तेथे कायदा अजूनही पुरता स्पष्ट नाही.

आधी त्या खुर्चीवर घडते काय, ते पाहू. दात्याचे वजन किमान 110 पौंड, म्हणजे सुमारे 50 किलो, असावे लागते. प्रत्येक खेपेस वजन, रक्तदाब आणि रक्तातील प्रथिने तपासली जातात. दंडातील शिरेत सुई घालून रक्त यंत्रात घेतात. यंत्र ते घुसळून प्लाझ्मा बाजूस काढते आणि तांबड्या पेशी त्याच सुईने परत शरीरात सोडते. रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट मिसळलेले असते. त्याने कधी ओठांना मुंग्या येतात. तास-दीड तासात वजनानुसार सुमारे 690 ते 880 मिलिलिटर प्लाझ्मा पिशवीत उतरतो. तांबड्या पेशी परत मिळत असल्यामुळे हे पुनःपुन्हा करता येते: सात दिवसांत दोन वेळा, मध्ये किमान दोन दिवसांचे अंतर, अशी तेथील अन्न व औषध प्रशासनाची मर्यादा आहे. म्हणजे वर्षाकाठी शंभरावर खेपा. दुसऱ्या कोणत्याही देशात दात्याला इतकी सवड क्वचितच दिली जाते. जगात औषधांसाठी जो प्लाझ्मा गोळा होतो त्याचा निम्म्याहून बराच अधिक भाग एकट्या अमेरिकेतून येतो, ह्याचे मर्म येथे आहे. पैसे देऊन प्लाझ्मा घेणारे जर्मनी, ऑस्ट्रिया, झेकिया, हंगेरी असे इतरही देश आहेत. पण पसारा अमेरिकेचाच.

ह्या द्रवातून रोगप्रतिकारक ग्लोब्युलिन, अल्ब्युमिन, रक्त गोठविणारे घटक अशी औषधे तयार होतात, आणि हजारो रुग्णांचे जगणे त्यांवर अवलंबून असते. तेव्हा ह्या व्यवहाराकडे केवळ नाक मुरडून पाहणे योग्य नव्हे. आपल्या देशाने निराळा मार्ग घेतला. ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 1996 मध्ये दिलेल्या निर्णयानुसार धंदेवाईक रक्तदात्यांची प्रथा बंद करावयाची ठरली आणि 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देणे निषिद्ध झाले. म्हणून आपल्याकडे ‘रक्तदान’ ह्या शब्दाला अजून त्याचा मूळ अर्थ उरला आहे. अमेरिकेतही नुसत्या रक्ताच्या बाबतीत तसेच घडले. 1978 पासून रक्ताच्या पिशवीवर दाता मोबदला घेणारा होता की स्वेच्छेचा, हे छापावे लागू लागले, आणि पैसे देऊन घेतलेल्या रक्ताला रुग्णालयांतून मागणी उरली नाही. कारखान्यात जाऊन औषध बनणारा प्लाझ्मा त्या नियमाबाहेर राहिला, आणि ‘डोनेशन’ हा शब्द तेवढा त्याच्या पाटीवर राहून गेला.

आता कराकडे वळू. (प्राप्तिकर हा शब्द महाराष्ट्रातला, आमच्या माळव्यात आयकर म्हटल्याशिवाय कोणाला पटकन उमगत नाही.) अमेरिकेच्या कर-संहितेचे 61वे कलम उत्पन्नाची व्याख्या फार व्यापक करते: कोणत्याही मार्गाने आलेले उत्पन्न ते उत्पन्न, कायद्याने स्पष्टपणे वगळले असेल तेवढे सोडून. प्लाझ्माचे पैसे वगळणारे कलम कोठेही नाही. एवढे सरळ असताना वाद का झाला? कारण वस्तू विकली तर नफ्यावर कर लागतो, आणि नफा म्हणजे किमतीतून खर्च वजा जाता उरते ते. स्वतःच्या रक्ताला ‘खर्च’ किती आला, हे कोणी व कसे मोजावे?

हा पेच पहिल्यांदा ठळकपणे पुढे आला तो गार्बर खटल्यात. फ्लोरिडातील एका स्त्रीच्या रक्तात, तिसऱ्या अपत्याच्या जन्मानंतर, एक दुर्मिळ प्रतिपिंड आढळले. रक्तगट ओळखण्याची द्रव्ये तयार करणाऱ्या प्रयोगशाळांना ते सोन्याहून मोलाचे. 1967 मध्ये एका प्रयोगशाळेने तिच्याशी करार केला. पुढे दुसऱ्याही आल्या. प्रतिपिंडाची तीव्रता जितकी अधिक, तितका दाम अधिक. आणि तीव्रता वाढावी म्हणून तिच्या शरीरात न जुळणारे रक्त टोचावयाचे, असा तो क्रम होता. दुखणे व धोका दोन्ही तिचेच. एका प्रयोगशाळेने तर तिला आठवड्याला 200 डॉलर पगार, वापरावयास मोटार आणि 25,000 डॉलरची बक्षिसी देऊ केली. 1970 ते 1972 ह्या काळात तिची वार्षिक प्राप्ती सत्तर हजार डॉलरांच्या वर गेली. त्या काळी ती केवढी रक्कम होती हे सांगावयास नको. पगारावरचा कर परस्पर कापला गेला. उरलेल्या रकमेवर कोणी कापला नाही, आणि तिनेही तो भरला नाही. सरकारने तिच्यावर हेतुपुरस्सर करचुकवेगिरीचा फौजदारी खटला भरला, आणि 1972 सालापुरती ती दोषी ठरली.

1979 मध्ये पाचव्या विभागीय अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ती शिक्षा रद्द केली. हे पैसे करमुक्त आहेत असे न्यायालय म्हणाले नाही. ते करपात्र आहेत असेही त्याने कायमचे ठरवून टाकले नाही. त्याचे म्हणणे एवढेच, की शरीराचा अंश देऊन मिळालेल्या पैशावर कर आहे किंवा नाही हा प्रश्नच इतका नवा व संदिग्ध होता, की तो चुकविण्यात गुन्हेगारी हेतू होता असे ज्यूरीने मानण्यापूर्वी ती संदिग्धता तिच्यापुढे यावयास हवी होती. आरोपीच्या बाजूने कराच्या एका जाणकाराला साक्ष द्यावयाची होती. माणसाच्या शरीरातील द्रव्याचे मोल आणि त्याबद्दल मिळालेली किंमत ही समान धरावीत, म्हणजे नफा शून्य, असा त्याचा तर्क. खालच्या न्यायालयाने तो ज्यूरीच्या कानांवर पडूच दिला नव्हता. माझ्या मते हा तर्क चतुर असला तरी लंगडा आहे. तो मान्य केला तर हातमजुरी करणाऱ्यालाही आपल्या घामाचे मोल मजुरीइतकेच होते, असे म्हणता येईल. परंतु माणसाला तुरुंगात धाडण्यापूर्वी कायदा त्याला कळण्याजोगा असावा, हे न्यायालयाचे म्हणणे कोणालाही पटावे.

लगेच पुढल्या वर्षी, 1980 मध्ये, कर-न्यायालयापुढे ग्रीन खटला आला, आणि ह्या विषयातील सर्वांत वाचनीय निकाल तोच. ही बाईही फ्लोरिडाचीच. तिचा रक्तगट एबी निगेटिव्ह, म्हणजे विरळा. पेन्साकोला येथील एका प्रयोगशाळेत ती नियमाने प्लाझ्मा देई. 1976 मध्ये 95 खेपा झाल्या आणि सुमारे सात हजार डॉलर मिळाले. तेच तिच्या उपजीविकेचे मुख्य साधन होते. तिने कर चुकविला नाही. उलट पैसे उत्पन्न म्हणून मांडले आणि म्हणाली, हा माझा धंदा आहे. तेव्हा धंद्याचे खर्च मला वजा मिळावेत.

न्यायालयाने तिचे हे म्हणणे गांभीर्याने घेतले. कोंबडीची अंडी, मधमाशांचा मध, गाईचे दूध, मेंढीची लोकर विकत घेऊन जसा व्यापार होतो, तसाच हाही. ती सेवा करीत नसून माल विकते, असा निष्कर्ष काढला. मग एकेका खर्चाची छाननी झाली. रक्ताचा कस टिकावा म्हणून ती जो अधिक प्रथिनांचा आहार व पूरक औषधे घेई, त्यांपैकी तिच्या नेहमीच्या गरजेहून अधिक असलेला भाग मान्य झाला. प्रयोगशाळेपर्यंतच्या प्रवासाचा खर्च साधारणतः मान्य होत नाही, कारण घरून कामावर जाणे हा ज्याचा त्याचा खासगी खर्च. पण येथे न्यायालयाने म्हटले, की माल बाजारात न्यावयाचा तर तो ज्या पात्रात आहे ते पात्रच न्यावे लागणार, आणि ते पात्र म्हणजे ही बाई स्वतः! गवळण बाजारी निघते तेव्हा चरवी बरोबर घेते. येथे गवळणही तीच आणि चरवीही तीच. प्रवासखर्च मंजूर झाला.

आरोग्यविम्याचा हप्ता मात्र नामंजूर; विमा तिच्या देहाचा होता, धंद्याचा नव्हे. आणि तिची शेवटची मागणी तर कोणत्याही वकिलाला हेवा वाटावा अशी होती. खाणीतले खनिज किंवा विहिरीतले तेल उपसून कमी होत जाते म्हणून मालकाला करात जी सूट मिळते, तीच तिने मागितली: माझ्या रक्तातील खनिजे घटतात आणि रक्त पुन्हा तयार करण्याची माझी शक्ती झिजते, तिचे काय? न्यायालय म्हणाले, ती सूट भूगर्भातील संपत्तीसाठी आहे; मानवी देह त्यात बसत नाही. हसू येते खरे. पण मागणीतली व्यथा खोटी नव्हती. तेलाची विहीर आटते म्हणून मालकाला सवलत, आणि विकणाऱ्या माणसाच्या झिजेला काही नाही, ही विसंगती त्या निकालात उरलीच.

दानाची उलट बाजूही तपासली गेली आहे. 1986 मध्ये अकराव्या विभागीय अपील न्यायालयापुढील लॅरी खटल्यात करदात्याने एक पाइंट रक्त खरोखरीच फुकट दिले होते, आणि त्याची किंमत धर्मादाय देणगी म्हणून वजा मागितली होती. मिळाली नाही. रक्त देणे ही सेवा मानली तर सेवेच्या देणगीला वजावट नाही. वस्तू मानली तर तिच्यासाठी लागणाऱ्या अटी पुऱ्या होत नाहीत. म्हणजे विकले तर कर, आणि खरे दान केले तर सूट नाही! त्यानंतर 2015 मध्ये पेरेझ खटल्यात स्त्रीबीज देणाऱ्या एका तरुणीला मिळालेल्या 20,000 डॉलरांचा प्रश्न आला. करारात ती रक्कम वेळ, गैरसोय आणि वेदना ह्यांबद्दल असल्याचे लिहिले होते. इजेची नुकसानभरपाई करमुक्त असते, सबब हीही असावी, असा तिचा दावा. कर-न्यायालयाने उत्तर दिले, की ज्या वेदनेला आपण करार करून आधीच संमती दिली, तिचा मोबदला ही नुकसानभरपाई नव्हे. प्लाझ्माच्या पैशाला वेळेचा मोबदला म्हणून कर टळेल अशी ज्यांना आशा असेल, त्यांची वाट ह्या निकालाने जवळजवळ बुजविली आहे.

मग आज प्रत्यक्ष करावे काय? येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. पैसे देणाऱ्याने वर्षाला ठरावीक रकमेहून अधिक दिले, तर त्याने ‘1099’ ह्या नावाचा तक्ता सरकारला व घेणाऱ्याला पाठवावा, असा नियम आहे. ती मर्यादा अनेक वर्षे 600 डॉलर होती. 2025 च्या नव्या कायद्याने 2026 पासूनच्या रकमांसाठी ती 2,000 डॉलर झाली. प्लाझ्माचे पैसे आगाऊ भरलेल्या कार्डावर थोडे थोडे जमा होतात, आणि पुष्कळ दात्यांच्या हाती असा तक्ता कधी येतच नाही. तक्ता आला नाही म्हणजे कर नाही, असे लोक धरून चालतात. ते चूक आहे. तक्ता हा देणाऱ्याच्या हिशेबाचा भाग. उत्पन्न दाखविण्याचे कर्तव्य घेणाऱ्याचे, आणि ते तक्त्यावर अवलंबून नाही. मर्यादा 2,000 झाली म्हणून 1,900 डॉलर करमुक्त झाले, असेही नव्हे.

रकान्याचा प्रश्न अधिक नाजूक. अधूनमधून प्लाझ्मा देणारा माणूस ती रक्कम सामान्यतः 1040 विवरणपत्राच्या पहिल्या परिशिष्टात ‘इतर उत्पन्न’ म्हणून मांडतो. जो ग्रीनबाईंप्रमाणे नियमाने व उपजीविकेसाठी देतो, त्याचा तो धंदा ठरू शकतो, आणि मग परिशिष्ट ‘सी’. फरक किती पडतो? उदाहरणापुरते धरू, की एकाने वर्षात 104 खेपा केल्या आणि दर खेपेस 50 डॉलर मिळाले: 5,200 डॉलर. त्याला नोकरीचे 24,000 डॉलर आहेत आणि तो एकटा आहे. 2025 सालची 15,750 डॉलरची प्रमाणित वजावट नोकरीच्या उत्पन्नातच संपून जाते. म्हणून प्लाझ्माच्या रकमेवर पहिल्या डॉलरपासून कर. ‘इतर उत्पन्न’ म्हटले तर त्याचा प्राप्तिकर सुमारे 550 डॉलरांनी वाढतो; खर्च म्हणून काहीही वजा मिळत नाही. ‘धंदा’ म्हटले तर प्रवासाचा खर्च वजा होतो, 2025 साठी मैलाला 70 सेंट. पण त्याच्या बरोबरीने स्वयंरोजगाराचा कर मागे लागतो. खर्च काहीच नसेल तर तो कर सुमारे 735 डॉलर होतो, प्राप्तिकराहून वेगळा. केंद्र दूर आणि खेपा शंभर, तर धंद्याचा रकाना काही अंशी परवडेल. केंद्र कोपऱ्यावर असेल, तर नाही. अर्थात रकाना सोयीने निवडावयाचा नसून वस्तुस्थितीने ठरतो. परंतु किती खेपांनंतर दाता धंदेवाला होतो, हे कोणत्याही कलमात लिहिलेले नाही.

केंद्रांत जाणारे लोक बहुशः हातातोंडाची गाठ घालणारे असतात, हे लक्षात घेतले म्हणजे ही साडेपाचशे-सातशे डॉलरांची गोष्ट किरकोळ वाटत नाही. वर्षभर पन्नास-पन्नास डॉलर येताना खर्च होऊन गेलेले असतात, आणि एप्रिलच्या 15 तारखेला त्यांचा एकत्रित कर द्यावा लागतो. पगारातून कर आपोआप कापला जातो. येथे कापणारा कोणी नाही. मोबदला देताना त्यातला दहावा हिस्सा बाजूस ठेवा, असे त्या चकचकीत केंद्रांतून दात्याला सांगण्यास काय हरकत आहे, हे मला समजत नाही.

आपल्या मुलांविषयी थोडे निराळे सांगावे लागेल. विद्यार्थी-परवान्यावर गेलेला तरुण करापुरता साधारणतः पहिली पाच कॅलेंडर वर्षे अनिवासी धरला जातो आणि त्याचे विवरणपत्र 1040-एनआर हे असते. भारत-अमेरिका करारातील 21व्या कलमाने भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावटीची सवलत दिली आहे. बहुतेक अन्य देशांच्या अनिवासी विद्यार्थ्यांना ती नाही. तथापि प्लाझ्माच्या रकमेलाही ती लागू होते असे गृहीत धरू नये. अनिवासी माणसाच्या किरकोळ उत्पन्नाचे दर व नियम वेगळे आहेत, आणि ते जाणणारा सल्लागारच हवा.

कराहून मोठी काळजी परवान्याची. विद्यार्थ्याला परवानगीवाचून विद्यापीठाबाहेर काम करता येत नाही. मग प्लाझ्मा देणे हे काम आहे काय? कर-न्यायालयाने 1980 मध्ये त्याला मालाची विक्री म्हटले. पण 2021 मध्ये त्याच सरकारच्या सीमा-संरक्षण खात्याने, मेक्सिकोतून पर्यटक वा व्यापारी परवान्यावर टेक्सास-ॲरिझोनातील केंद्रांत येणाऱ्या हजारो दात्यांना अडविताना, हे मोलाने केलेले काम आहे असे सांगितले. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि 2022 मध्ये त्या बंदीला तात्पुरती स्थगिती मिळाली. तो वाद अभ्यागतांचा होता, विद्यार्थ्यांचा नव्हे. परंतु एकच पिशवी एका खात्याला माल दिसते, दुसऱ्याला मजुरी, आणि कंपनीच्या पाटीवर दान, एवढे त्यातून उघड झाले. अशा स्थितीत विद्यार्थ्याने मित्राच्या सांगण्यावरून खुर्चीवर बसू नये. विद्यापीठातील परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला आधी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

आणि जो आधीच बसला असेल, त्याने मिळालेले दडवू नये. विवरणपत्रात न मांडलेली रक्कम पुढे परवान्याच्या चौकशीत निघाली, तर मूळ करापेक्षा तिचे स्पष्टीकरण देणे जड जाते. घरच्यांनीही रागावण्यापूर्वी एवढेच विचारावे, की वही ठेवली आहेस ना? तारीख, केंद्र, रक्कम, जाण्यायेण्याचे मैल, एवढे चार रकाने पुरतात. कार्ड बदलले वा बंद झाले, म्हणजे जुन्या नोंदी मिळविणे दुरापास्त होते. म्हणून दर महिन्याला कार्डाचा उतारा काढून त्याच वहीत चिकटवून ठेवावा.